शेवटच्या गाण्यानंतर

नोलीन टिंडलला ऑस्ट्रेलियातल्या वरिलामध्ये लोक आधी कानांनी ओळखतात, मग डोळ्यांनी. हायस्कूलच्या कँटीनच्या खिडकीतून तिनं एकदा "रांग!" म्हटलं, की पलीकडच्या बसथांब्यावरची म्हातारी माणसंसुद्धा नकळत एकामागे एक उभी राहतात. वय एक्कावन्न, बांधा ठेंगणा, केस स्वतःच आरशात बघून कापलेले, आणि तोंडाचा पट्टा असा की तो आवरायला सांगायची कुणाची छाती नाही. मुलं सकाळी कागदी पिशवीवर नाव, वर्ग आणि काय खायचंय ते लिहून खिडकीतल्या टोपलीत टाकतात. नोलीन त्या पिशव्या वाचते, शुद्धलेखनावरून पोरांचा उद्धार करते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ज्याचं त्याचं सॉसेज रोल नाहीतर सँडविच पिशवीत भरून ठेवते. एखाद्या पोराची पिशवी आठवडाभर आली नाही, तर त्याच्या नावाची पिशवी ती स्वतःच लिहिते. त्याबद्दल कुणी कौतुकाचा शब्द काढला तर त्याचीच खरडपट्टी निघते. अकरा वर्षं हे असं चाललं आहे.

तिचा नवरा क्लाइव्ह पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. सव्वीस वर्षं तो जमिनीपासून चार मजले उंच एका काचेच्या खोलीत एकटा बसून लालभडक लोखंड इकडून तिकडे नेत होता, आणि त्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, तो बोलायचा फार कमी. घरातलं सगळं बोलणं एका माणसानं अंगावर घेतलंय तर दुसऱ्यानं त्यात कशाला लुडबुड करा, असं त्याचं साधं गणित होतं. आणि मुलगा जॅरड. बावीस वर्षांचा, लांबलचक, कायम एका गुडघ्यावर खपली. लहानपणापासून स्केटबोर्डवरून पडणे हाच त्याचा मुख्य व्यवसाय. पुढे त्याच्या जोडीला गिटार आली.

जॅरडच्या बँडचं नाव 'बिन नाइट'. म्हणजे आठवड्यातून एकदा कचऱ्याचे डबे रस्त्यावर काढून ठेवायची रात्र. नोलीन म्हणायची, "नाव बरोबर ठेवलंय, निदान फसवणूक तरी नाही." त्यांची गाणी दोन-दोन मिनिटांची. ढोल असा की जिन्यावरून कुणी डबा गडगडत सोडून दिलाय, आणि त्या गडगडाटावर तीन पोरं सुरात सूर मिळवून इतकं गोड गातात की देवळातली वाटावीत. काय गातात? पोरगी सोडून गेली, बस चुकली, स्पडच्या घरमालकानं भिंतीतला उंदीर मारला नाही. स्पड म्हणजे ढोल वाजवणारा. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत असेल की नाही, शंका आहे.

ऑगस्टच्या शेवटी त्यांचा अल्बम आला. त्याचं नाव होतं 'एस्की परत आण'. एस्की म्हणजे समुद्रावर नेतात ती बर्फाची पेटी. नाव वाचून नोलीन म्हणाली, "ही काय अक्कल! अल्बमला कुणी असलं नाव ठेवतं?" जॅरड नुसता हसला. त्यानं एक सीडी तिला दिली. क्लाइव्हच्या जुन्या फाल्कन गाडीत सीडी चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी एका कॅसेटवर सगळं भरून दिलं. नोलीननं सीडी दिवाणखान्यात लावली, चार गाणी ऐकली, मुलाची पाठ थोपटली आणि भाजी चिरायला गेली. आईनं याहून जास्त काय करायचं असतं?

सोमवारी छोट्या सुट्टीत खिडकीसमोर तिसरीच तऱ्हा. दहावीची आठ-दहा दांडगी पोरं रांगेत उभी राहिली आणि एका सुरात ओरडली:

"जॅरड! घरात आहेस हे मला ठाऊक आहे! एस्की परत आण! निळी!"

नोलीनच्या हातातला चिमटा खाली पडला. ते तिचे शब्द होते. तिचा हेल, तिचा श्वास घेण्याचा ठेका, सगळं तिचं. आपल्याच तोंडातून निघालेलं बोलणं दहा परक्या तोंडांतून परत आलेलं पाहून तिची अक्षरशः दातखीळ बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या खिडकीत पाच सेकंद शांतता होती.

"हे कुठून आणलंत रे?"

"सीडीवर आहे, मिसेस टी! सगळ्यात शेवटी! तुम्ही तर भारीच आहात!"

झालं होतं असं. या पोरांच्या जगात एक रीत आहे. शेवटचं गाणं संपलं तरी सीडी थांबवायची नाही. आठ-दहा मिनिटं नुसती शांतता ठेवायची आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना काहीतरी खोडी काढायची. ज्याच्यात वाट बघायचा दम आहे त्याला तेवढी गंमत. बिन नाइटच्या पोरांनी त्या जागी घातली होती नोलीन. मे महिन्यात तिनं, बँडची पोरं एकत्र राहतात त्या घरी फोन केला होता आणि आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला होता. नोलीनचा निरोप म्हणजे यंत्राशी भांडण. "जॅरड, मी बोलतेय. उचल. घरात आहेस हे मला ठाऊक आहे. बरं, नको उचलूस. एस्की परत आण. निळी. शनिवारी बेव्हची पन्नाशी आहे, बर्फ काय मी पर्समध्ये ठेवू? आणि त्या स्पडला सांग, माझा टॉवेल म्हणजे त्याचं पायपुसणं नव्हे. जॅरड! एस्की!"

त्या संध्याकाळी तिनं जॅरडला फोनवर असा झाडला की विचारू नका. पण खरं सांगायचं तर रागाला धार नव्हती. आठवड्याभरात पोरं कागदी पिशव्यांवर तिची सही मागू लागली. पेट्रोलपंपावरचा माणूस म्हणाला, "काय मग, मिळाली का एस्की?" नोलीन वरवर फणकारायची आणि सही करताना आडनावाखाली एक वळणदार रेघही ओढायची. आपल्या आवाजाला एवढी किंमत आहे हे तिला पन्नाशीनंतर कळलं होतं. मग चार दिवस मिरवलं तर बिघडलं काय?

तीन आठवडे असे मजेत गेले. मग एका बुधवारी, पहिला तास चालू असताना, मागच्या दाराशी बिल्याना आली.

बिल्याना नववीतली. आईवडील मॅसिडोनियाहून आलेले, बाप त्याच पोलादाच्या कारखान्यात. स्केटबोर्डवरून पडून तिचा घोटा मोडला होता, पाय प्लास्टरमध्ये, बगलेत कुबड्या. ती पोरांच्या रांगेत कधीच ओरडली नव्हती.

"मिसेस टी, तुम्ही ती सीडी शेवटपर्यंत ऐकलीत का?"

"माझाच ओरडा मी कशाला ऐकू? घरच्यांना ऐकवते तेवढा पुरे आहे."

"ओरड्याच्या पुढे," बिल्याना म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती. "त्याच्या पुढेही आहे. सगळे तिथेच बंद करतात. मी पलंगावर होते, पाय असा, आणि सीडीचं यंत्र खोलीच्या त्या टोकाला. उठून बंद करता येईना. म्हणून ऐकू आलं. आवाज बारीक आहे, पण आहे. मी कुणाला सांगितलं नाहीये, मिसेस टी. आईलासुद्धा नाही."

"काय ऐकू आलं?"

पोरीचे डोळे भरून आले. तिनं दप्तरातून आपला सीडी-प्लेअर काढला, हेडफोन नोलीनच्या हातात दिले आणि कुबड्या टेकत बाहेर जाऊन उभी राहिली.

नोलीन कोठीच्या खोलीत टोमॅटो सॉसच्या खोक्यावर बसली. शेवटचं गाणं, मग पुढे ढकलत ढकलत शांतता, मग ती स्वतः. जॅरड! एस्की! मग 'खट्' असा आवाज. तिच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा जुना फोन. त्याचा रिसीव्हर नीट बसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ठेवताना दाबून ठेवावा लागतो, आणि रागात असली की नोलीन तो नुसता आदळते. त्या दिवशी फोन बंद झालाच नव्हता, आणि पलीकडचं मशीन पुढचंही भरून घेत राहिलं होतं.

भांडी वाजली. किटलीत पाणी पडलं. आणि दुरून, पण स्वच्छ, तिच्या बहिणीचा आवाज आला: "क्लाइव्ह कसा आहे गं?"

आणि तिचा स्वतःचा: "दार लाव आधी. बेव्ह, क्लाइव्हची नोकरी गेली. मार्चमध्येच. त्यानं मला सांगितलं नाही, आणि मला कळलंय हे त्याला माहीत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि दिवसभर तळ्यावर गाडीत बसून राहतो."

नोलीननं हेडफोन कानांवरून ओरबाडून काढले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती कशी सरकते हे तिला त्या खोक्यावर बसल्या बसल्या कळलं.

त्या गोष्टीला सहा महिने होत आले होते. एप्रिलमध्ये बाजारात क्लाइव्हच्या मुकादमाची बायको भेटली आणि सहज म्हणाली, "क्लाइव्ह घरी बसून कंटाळत असेल ना?" नोलीन म्हणाली, "छे, मजेत आहे." म्हणाली आणि गाडीत येऊन वीस मिनिटं किल्ली न फिरवता बसली. दुसऱ्या दिवशी ती क्लाइव्हच्या मागे गेली. तो कारखान्याकडे वळलाच नाही. विंडांगच्या पुलाखाली तळ्याच्या काठाशी त्यानं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि पाण्याकडे बघत राहिला. कामाचे कपडे, कामाचे बूट. सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला उद्या येऊ नकोस म्हणतात आणि तो घरी येऊन ते बायकोला सांगू शकत नाही, याचा अर्थ नोलीनला नीट समजला. तिचे सासरेही त्याच कारखान्यातून निवृत्त झाले होते. ती तशीच मागे फिरली. त्या दिवसापासून ती पहाटे उठून पूर्वीसारखाच डबा भरत होती. संध्याकाळी विचारत होती, "आज कसा होता दिवस?" तो म्हणत होता, "नेहमीसारखा." कारखान्यानं जाताना दिलेल्या पैशातून तो दर पंधरवड्याला पगाराएवढी रक्कम घरखात्यात टाकायचा, आणि ती ते पाहून न पाहिल्यासारखं करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ तिनं आपल्या दोन्ही हातांनी झाकून धरली होती. फक्त बेव्हजवळ एकदा बोलली.

आणि आता ते दोन हजार सीडींवर छापून बाजारात फिरत होतं.

एप्रन न काढताच ती गाडीत बसली. मदतीला येणाऱ्या बाईंना एवढंच म्हणाली, "पिशव्या भरा. मला जायचंय." बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही.

जॅरडचं घर दहा मिनिटांवर. बँडची सगळी पोरं तिथेच राहतात. दहा वाजत आले होते आणि जॅरड सोफ्यावर झोपलेला. नोलीननं त्याच्या तोंडावरची उशी काढली.

"ऊठ."

"मम? काय झालं? कोण गेलं?"

"तुझी ती सीडी लाव. शेवटचं. मी ओरडते त्याच्यापुढचं."

"पुढे काही नाहीये मम, नुसती भांडी वाजतात. स्टुडिओत स्पडनं मशीनची टेप भरायला लावली आणि आम्ही सगळे चिप्स आणायला गेलो. आलो तर भांडी वाजत होती. साउंडवाला म्हणाला, राहू द्या, घरच्यासारखं वाटतं. म्हणून ठेवलं."

"लाव."

त्यानं लावलं, आवाज मोठा केला. बेव्हमावशीचा प्रश्न आला. नोलीनचं उत्तर आलं. जॅरडनं झटकन हात पुढे करून यंत्र बंद केलं, चटका बसल्यासारखा.

"डॅडची नोकरी गेलीये?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये? आणि तू... आणि तो रोज... मम, गेल्या रविवारी मी त्याला विचारलं, क्रेन कशी आहे, तर म्हणाला, जुनी झालीये पण चालतेय!" मग तो हळूच म्हणाला, "मीच टाकलं हे. मीच टाकलं ना सीडीवर?"

"ते मागव परत. सगळं. आजच्या आज."

"कुठून मागवू? पर्थला गेल्यात. ब्रिस्बेनला गेल्यात. तीनशे जपानला गेल्यात."

"जपानला?" नोलीन ओरडली. "जपानमधल्या लोकांना काय करायचंय क्लाइव्हशी?"

"कुणी ऐकत नाही मम इतकं. खरं सांगतो. मीच नाही ऐकलं, माझा अल्बम असून. तुझं ओरडणं संपलं की सगळे बंद करतात. इतका वेळ आहे कुणाकडे? ज्याला दिवसभर दुसरं काहीच काम नाही असा माणूस पाहिजे त्याला."

हे बोलता बोलताच तो थांबला.

नोलीननं त्याच्याकडे पाहिलं. "डॅडला कॅसेट भरून दिलीस ती. तीत किती आहे?"

"मी ती भरायला लावली आणि समुद्रावर गेलो," जॅरड म्हणाला. "नव्वद मिनिटांची कॅसेट होती. सगळंच असणार. पण मम, कामावर जायला त्याला पंधरा मिनिटं लागतात, पंधरा मिनिटांत तो..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. पंधरा मिनिटं कामावर जाणाऱ्याला लागतात. क्लाइव्ह सकाळी साडेसहापासून दुपारी तीनपर्यंत गाडीत बसून होता, आणि त्या गाडीत कॅसेट होती.

"मी येतो बरोबर," जॅरड म्हणाला.

"तू घरीच बस," नोलीन म्हणाली. "तू खूप केलंस."

पुलापर्यंतच्या रस्त्यात तिच्या मनात एकच होतं: त्यानं ऐकलेलं नसू दे. दोन हजार लोकांनी ऐकलं तरी चालेल, जपाननं ऐकलं तरी चालेल. त्या माणसाकडे सव्वीस वर्षांतलं एवढंच उरलं होतं, की आपल्या बायकोला तो अजून कामावर जाणारा नवरा वाटतो. ते तेवढं राहू दे.

गाडी तिथेच होती. पाण्यावर वारा होता, काठाला तीन पेलिकन पिसं फुलवून बसलेले. काच अर्धी खाली होती आणि आतून जिन्यावरून डबा गडगडत होता. क्लाइव्ह स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता, आणि चुकत नव्हता.

नोलीननं पलीकडचं दार उघडलं. त्यानं दचकून पाहिलं. चटकन तो म्हणाला, "आज शिफ्ट लवकर..." मग त्याची नजर तिच्या एप्रनवर गेली, त्यावरच्या सॉसच्या डागावर गेली, आणि त्यानं वाक्य सोडून दिलं. ती आत बसली.

"काय ऐकतोयस?"

"जॅरडचं."

"कितीदा ऐकलंस?"

"साठेक वेळा झालं असेल." बोटांचा ताल चालूच होता. "सातवं चांगलं आहे. बस चुकल्याचं."

"शेवटपर्यंत ऐकतोस?"

क्लाइव्हनं गाणं बंद केलं. "वेळ होता माझ्याकडे, नोल."

ज्या गोष्टीची भीती होती ती घडून तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत ती रोज पहाटे उठली होती, रोज डबा भरला होता, रोज दाराशी उभी राहून "सांभाळून रे" म्हणाली होती. आणि त्यानं तो डबा घेतला होता, हात हलवला होता, निघाला होता. दोघांचंही अळीमिळी गुपचिळी, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला जपतोय. हे डोक्यात शिरल्यावर तिला आधी राग आला.

"तुला कळलं होतं मला कळलंय, आणि तरी तू माझा डबा घेऊन जात होतास?"

"तू देत होतीस."

"मी काय, वेडी म्हणून देत होते? बोलायचं नाही का? तोंड शिवलंय का तुझं? तीन आठवडे, क्लाइव्ह! तीन आठवडे मी..."

"तू कुठपर्यंत ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"तू तळ्यावर बसतोस इथपर्यंत. पुढे ऐकवेना."

"जॅरडनं?"

"त्यानंही तिथेच बंद केलं."

"मग बस," क्लाइव्ह म्हणाला. "पुढे आहे अजून." त्यानं कॅसेट पुढे नेली, थांबवली, थोडी मागे घेतली. जागा त्याला पाठ होती.

बेव्ह म्हणत होती: "अगं मग सांग ना त्याला, की तुला कळलंय म्हणून. बिचारा थंडीत बसतोय."

मग एक बाई बोलू लागली. नोलीनला तो आवाज पटकन ओळखू येईना. खिडकीतला नव्हता तो, आन्सरिंग मशीनशी भांडणाराही नव्हता.

"तुला वाटतं मी त्याच्यासाठी गप्प बसलेय? नाही गं. त्यानं एकदा तोंडानं सांगितलं, की मला म्हणावं लागेल, काही हरकत नाही, होईल सगळं ठीक. मला नाही वाटत ठीक होईल. मला भीती वाटते, बेव्ह. आयुष्यात कशाची वाटली नाही एवढी वाटते. रोज सकाळी तो डबा घेऊन बाहेर पडतो ना, तेव्हा मी म्हणते, सुटले. आजही नाही सांगितलं. कधीच न सांगितलं तर बरं."

त्यानंतर टेपवर एक बारीक आवाज येत राहिला. तुटत तुटत, लांबलचक.

"हे शेजारचं कुत्रं कशाला आलं यात?" नोलीननं विचारलं.

"कुत्रं नाही," क्लाइव्ह म्हणाला. "तू आहेस."

नोलीननं त्याच्याकडे पाहिलं, मग टेपकडे पाहिलं. ती हादरली. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. बेव्ह आली होती, चहा झाला होता, बटाटे सोलले होते, हे आठवत होतं. आईला पुरताना जी रडली नाही, जॅरडच्या वेळी चौदा तास कळा देताना जिनं रडायच्या ऐवजी नर्सला शिव्या घातल्या, ती ही बाई. आणि तेच रडणं पर्थपासून जपानपर्यंत जाऊन पोचलं होतं, तिला स्वतःला पत्ता नसताना.

"कॅसेट दिली त्या आठवड्यातल्या शनिवारी मी सांगणार होतो तुला," क्लाइव्ह म्हणाला. तो समोर पाण्याकडे बघून बोलत होता. "पक्कं ठरवलं होतं. फ्लॅटहेड मासे आणायचे, तळायचे, आणि जेवताना सांगून टाकायचं. शुक्रवारी हे ऐकलं. म्हटलं, हिला ऐकायचं नाहीये. मग नको."

नोलीननं तोंड उघडलं. मला तसं म्हणायचं नव्हतं रे, असं ती म्हणणार होती. पण तिला तसंच म्हणायचं होतं. ते तिला माहीत होतं, आणि साठ वेळा ऐकून त्यालाही माहीत झालं होतं. रागावलेली नोलीन त्यानं तीस वर्षं पाहिली होती. भ्यायलेली नोलीन त्याला एका कॅसेटवर भेटली होती आणि तिच्यासाठी त्यानं आपलं ठरलेलं बोलणं गिळून टाकलं होतं. तिनं पाच महिने ज्याला जपलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, तो माणूस तिच्या भीतीपायी गप्प राहिला होता. तिला लाज वाटली. इतकी, की दार उघडून निघून जावंसं वाटलं.

तिनं हात पुढे करून टेप बंद केली.

"आता सांग."

"काय?"

"शनिवारी सांगणार होतास ते."

"तुला माहितीये ते, नोल."

"मला मुकादमाच्या बायकोनं सांगितलं. तू नाही सांगितलंस."

क्लाइव्हनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मनगटावर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. मग त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"नोल," तो म्हणाला, "मार्चमध्ये मला कामावरून काढलं."

पाच महिने माहीत असलेली गोष्ट. तरी नोलीनला ती पहिल्यांदाच कानांवर आल्यासारखी वाटली. भीती वाटत होती, ती तिनं लपवली नाही. होईल ठीक, असंही ती म्हणाली नाही.

"पुढे?" ती म्हणाली.

"सकाळी साडेनऊला खाली बोलावलं. दोन मिनिटांत झालं सगळं. माझा स्वेटर वर क्रेनमध्येच राहिला होता," क्लाइव्ह म्हणाला. "तो आणायला परत एकदा वर चढलो..."

नोलीन शेवटपर्यंत ऐकत बसली. त्याला पुढचं सांगायला बराच वेळ लागला.